अडतीस घरांचा नकाशा

आम्ही जिथे राहतो तिथे कुणीच राहत नाही, ही बातमी मला वॉर्ड ऑफिसातल्या तीन नंबरच्या टेबलावर मिळाली. मंगळवार होता, साडेअकरा वाजलेले, आणि टेबलामागचे गृहस्थ कानात काडी घालून बसलेले. शहाडच्या वरच्या रस्त्याला नवं पावसाळी गटार मंजूर झालंय म्हणतात, ते कुठून कुठे जाणार, एवढंच विचारायला मी गेलेलो. गृहस्थांनी काडी न काढता एक भला मोठा नकाशा उलगडला आणि निळ्या रेघेवर बोट ठेवलं. रेघ वरच्या रस्त्यावरून झोकात उतरत आली, आमच्या मैत्री कॉलनीच्या तोंडाशी थांबली आणि संपली.

“पुढे?” मी विचारलं.

“पुढे मोकळी जागा. पाणी पसरून जाईल.”

“अहो, तिथे आम्ही राहतो. अडतीस घरं आहेत.”

त्यांनी नकाशा जवळ घेऊन नीट निरखला. “नाही,” ते म्हणाले.

म्हणजे काय, की तो नकाशा काढला तेव्हा तिथे पंढरी भोईरांचं भातशेत होतं. पुढे भोईरांनी प्लॉट पाडले, आम्ही घरं बांधली, पोरं मोठी होऊन नोकरीला लागली, पण नकाशाला हे कुणी कळवलंच नाही. आमच्या मागे उल्हास नदी. दोन-तीन वर्षांआड ती मागच्या दाराने येऊन भेटून जाते, त्याची आम्हाला सवय आहे. आता अख्ख्या वरच्या वस्तीचं पाणी पुढच्या दारानेही येणार होतं. मी पिशवीतून घरपट्टीच्या बावीस वर्षांच्या पावत्या काढल्या. गृहस्थ म्हणाले, हा कर विभाग, वरचा मजला. वर गेलो. तिथे आमचं प्रत्येक घर नंबरासकट वहीत होतं, पण वही खाली न्यायची परवानगी नव्हती. जिना चढलो की मी होतो, उतरलो की नव्हतो.

“तीस तारखेपर्यंत हरकत द्या,” तीन नंबर म्हणाले. “सोबत घरं दाखवणारा नकाशा जोडा. सर्व्हेअर पावसाळ्यानंतर मोकळे होतील.”

आता इथे मी माझी ओळख करून देणं भाग आहे, कारण त्याशिवाय पुढचं वाक्य मी का बोललो ते कळणार नाही. मी भगवान शिरसाट. कल्याणच्या पोस्टात चौतीस वर्षं सॉर्टिंगला होतो. ‘मारुतीमागे, बंद गिरणीजवळ, आत्याबाईस मिळावे’ असल्या पत्त्यावरची पत्रं मी जागेवर पोचवलेली आहेत. अशा माणसाला त्याच्याच पत्त्यावर कुणी ‘नाही’ म्हणावं, हे मला लागलं. मी म्हणालो, “नकाशा मी करतो.” पाठीमागे रांगेत आमच्याच कॉलनीतले चौघे उभे होते. त्यांनी ते ऐकलं, आणि मी घरी पोचायच्या आत कॉलनीला माहीत झालं.

आमची मुलगी प्रीती डोंबिवलीला असते. फोनवर तिने शांतपणे सांगितलं, “बाबा, क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर आहे. नकाशे करायचं. फुकट मिळतं.” रविवारी जावयाबरोबर तिने आपला जुना लॅपटॉप पाठवला आणि त्यावर नवशिक्यांसाठीचं एक जाडजूड पुस्तक ठेवून दिलं. फुकट या शब्दाने मात्र कॉलनीत खळबळ उडाली. समोरच्या प्रेमचं म्हणणं पडलं, “काका, फुकट म्हणजे लफडा असणार. आज नकाशा, उद्या तुमचं पेन्शन खातं साफ.” त्याच्या बायकोने, कल्पिताने, लॅपटॉपचा कॅमेरा चिकटपट्टीने बंद करून दिला. पंढरी भोईर स्वतः येऊन मशीन बघून गेले आणि म्हणाले, “पोस्टमास्तर, तुमी करणार म्हंजे व्हनारच.” मी पोस्टमास्तर कधीच नव्हतो. पण हे मी बावीस वर्षांत त्यांना सांगितलेलं नाही.

पुस्तक इंग्रजीत होतं, पण स्वभावाने गरीब. पहिल्याच पानावर लिहिलेलं की हे सॉफ्टवेअर कुणालाही शिकता येतं. ‘कुणालाही’ हा शब्द दिसला की मला धडकी भरते, कारण मग न येण्याला सबब उरत नाही. सरावासाठी त्यांनी कुठल्यातरी दूरच्या बेटावरचं एक गाव दिलेलं. एक चर्च, चौदा विहिरी आणि मेंढ्यांचे वाडे. पहिले आठ दिवस मी त्या गावात राहिलो म्हणा ना. एकदा जेवताना मी रंभाला अभिमानाने सांगितलं, “आज मी चर्चपासून पाचशे मीटरच्या आतल्या विहिरी शोधल्या.”

“सापडल्या?” रंभा म्हणाली. रंभा माझी पत्नी.

“नऊ.”

“छान. आता आपल्या नळाला पाणी आलंय का तेवढं बघा.”

आठव्या दिवशी मी बेट सोडलं आणि शहाडला आलो. म्हणजे यायला निघालो. मोबाइलवर आपल्या जागेचे दोन आकडे मिळतात, ते सॉफ्टवेअरला द्यायचे, की जागा उमटते. मी दिले. शहाड उमटेना. तासभर शोधल्यावर ते नॉर्वेच्याही वर, बर्फाळ समुद्राच्या मधोमध सापडलं. मोबाइल आधी उत्तरेचा आकडा सांगतो आणि सॉफ्टवेअरला आधी पूर्वेचा लागतो, हे पुस्तकात बारीक अक्षरात एका चौकटीत होतं. चौकटी मी वाचत नव्हतो. चौकटीत जाहिराती असतात असा माझा वर्तमानपत्रांवरून समज झालेला.

मग थर आले. या नकाशात सगळं थराथराने असतं, कपाटातल्या साड्यांसारखं. नदीचा एक थर, रस्त्यांचा एक, घरांचा एक, आणि वरचा खालच्याला झाकतो. मी नदी वर ठेवली. रंभा कणीक मळता मळता बाहेर आली, निळ्याशार स्क्रीनकडे बघून म्हणाली, “हा जुलैतला आहे का?” आणि आत गेली. मला हसू आलं नाही. पंधरा दिवस उरले होते.

आता घरं. मी विचार केला, आधुनिक साधनं हाताशी असताना दारोदार का फिरायचं. बुधवारी सकाळी अकरा वाजता कॉलनीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मी संदेश टाकला: ‘सर्वांनी आपापले लोकेशन तात्काळ पाठवावे. भगवान शिरसाट.’ आणि काय सांगू, तासाभरात एकतीस लोकेशनं आली. एरवी टाकी धुवायला बोलावलं तर तीन माणसं येतात. माझे डोळे भरून आले. त्याच भरात मी ती सगळी नकाशावर चढवली.

मैत्री कॉलनीची लांबी दीडशे किलोमीटर भरली. सहा घरं डोंबिवलीच्या एमआयडीसीत होती, चार ठाण्याला वर्तकनगरच्या आसपास, एक घाटकोपरला फलाटावर, बरीचशी मुंबईत वेगवेगळ्या मजल्यांवर आणि एक संगमनेरला मंगल कार्यालयात. बुधवारी अकरा वाजता शहाडला असतं कोण? मी, रंभा, पंढरीची आई सखुआजी आणि दोन म्हशी. मी पोस्टातला माणूस, पत्ता म्हणजे घर एवढंच मला ठाऊक. माणूस दिवसभर आपल्या पत्त्यावर नसतोच, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. प्रेमने तो नकाशा बघितला आणि म्हणाला, “काका, हे दाखवा ना ऑफिसात. बोला, एवढ्या लांब गटार पाहिजे.”

मी अपमान गिळला. रविवारी सकाळी बरोबर दहा वाजता प्रत्येकाने आपल्या दारात उभं राहून लोकेशन पाठवायचं, असा दुसरा संदेश काढला. रविवार उजाडला. दहाला पाच कमी असताना आमची बेल वाजली. सतरा नंबरचे आलेले, विचारायला की पाठवल्यावर पोचलं ते कळणार कसं. त्यांच्यामागे बावीस नंबर. आमच्याकडे कुठलीही गोष्ट पाठवली की ती पोचली का, हे जाऊन विचारायची पद्धत आहे. पत्रिका टपालाने टाकतात आणि वर जाऊन विचारतात. दहाच्या ठोक्याला निम्मी कॉलनी आमच्या अंगणात, पायऱ्यांवर आणि बैठकीत उभी होती, आणि सगळ्यांनी शिस्तीत, एकाच वेळी बटण दाबलं. उरलेल्यांपैकी काहींनी शेजाऱ्याचंच लोकेशन पुढे ढकललं, भिंत एकच आहे म्हणून. रंभाने तीनदा चहा टाकला.

दुपारी नकाशावर बघतो तर आमच्या घरावर बावीस ठिपके एकावर एक बसलेले. मी अक्षरशः उखडलो. त्या अख्ख्या ढिगाभोवती चौकट ओढली आणि एका फटक्यात पुसून टाकला. पुसण्यात जे समाधान आहे ते काढण्यात नाही, हे त्या सॉफ्टवेअरचं एक वैशिष्ट्य मला आवडलं.

शेवटी पायात चपला घातल्या. मोबाइल हातात, वही काखेत, दारोदार. एक घर दहा मिनिटांचं धरलेलं, पण प्रत्येक घरात बसवून घेतात, पोहे देतात आणि मग मुद्द्यावर येतात. कल्पिता म्हणाली, मागचा पत्रा दाखवू नका, परवानगी नाही. नऊ नंबरवाले म्हणाले, आमचं घर जरा मोठं काढा, मुलीचं बघताहेत. मी सांगितलं, नकाशात पदरचं काही घालता येत नाही. पंढरी भोईर तर गोठ्याच्या दारात आडवेच उभे राहिले. “पोस्टमास्तर, गोठा पन घ्या. पानी आयला त म्हशी काय पोहत बसतील?” मी म्हटलं, तिथे कुणी राहत नाही. ते म्हणाले, “कनाला नाय? दोगी हायेत.” वाद घालायला वेळ नव्हता. गोठा काढला.

चार दिवसांनी सॉफ्टवेअरला विचारलं, एकूण आकृत्या किती? सॉफ्टवेअर म्हणालं, अडतीस. मी लॅपटॉपला नमस्कार केला. खाली माझ्या हाताने दाखला टाईप केला: ‘सदर नकाशा मी प्रत्यक्ष पाहणी करून तयार केला असून त्यात कोणतीही वास्तू वगळलेली नाही.’ पोस्टात चौतीस वर्षं काढल्यावर माणसाला ‘सदर’ लिहिल्याशिवाय काम पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही.

कल्याणला जाऊन रंगीत प्रिंट काढली. दुकानदाराने विचारलं, लॅमिनेशन करू? मी म्हटलं, करा, चांगली वस्तू आहे. तीस तारखेला तीन नंबरच्या टेबलावर ती ठेवली. गृहस्थांनी त्यावर आवकचा शिक्का मारला, शिक्का प्लास्टिकवरून घसरला. पुन्हा मारला, पुन्हा घसरला. “शिक्का बसत नाही,” ते म्हणाले, “घेता येणार नाही.” मी परत रिक्षाने कल्याण, परत प्रिंट, परत रिक्षा, आणि पाचला सात मिनिटं असताना साध्या कागदावर शिक्का बसला.

सुनावणीला अख्खी कॉलनी आली. प्रेमने अर्धी सुट्टी टाकलेली. पंढरी आईला घेऊन आले, कारण ऑफिस बघायचा तिने हट्टच धरलेला. इंजिनिअर करिश्मा मॅडम म्हणून होत्या, आमच्या प्रीतीहूनही लहान. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला आणि बराच वेळ बघितला.

“हा कुणी केलाय?”

मी उभा राहिलो.

“फार व्यवस्थित आहे, सर. आमच्याकडेही इतकं नीट काम होत नाही.”

सरकारी ऑफिसात मला सर म्हणण्याची ही पहिलीच वेळ. मागून टाळ्या पडल्या. पंढरी शेजारच्याला सांगताना ऐकू आलं, “पोस्टमास्तर हाय तो.” मॅडम म्हणाल्या की वस्ती आहे हे दिसतंच आहे, तेव्हा गटार इथे सोडता येणार नाही, कॉलनीतून मागच्या नाल्यापर्यंत न्यावं लागेल. पुन्हा टाळ्या. मग त्यांनी लाल पेन उघडलं.

“दोन्ही बाजूंना सलग रांगा आहेत. मधे एकच मोकळी जागा दिसते, सतरा आणि एकोणीसच्या मधली. तिथून सरळ काढू.” आणि त्यांनी रेघ ओढली.

दुसऱ्या रांगेतून रंभाचा आवाज आला, अगदी हळू. “अहो, तिथे आपण राहतो.”

मी नकाशावर वाकलो. सोळा, सतरा, मग पांढरा कागद, मग एकोणीस. सगळ्यांच्या दारात मी जाऊन उभा राहिलो होतो. माझ्या दारात मी कशाला जाऊन उभा राहीन? जे होतं ते रविवारी त्या ढिगाबरोबर मी पुसलेलं. आणि बेरीज अडतीस आली कारण गोठा धरलेला. म्हशींना घर होतं, मला नव्हतं.

“मॅडम, अठरा नंबर माझं आहे. राहून गेलं.”

“पण सर, तुमचाच दाखला आहे.” त्यांनी तो वाचून दाखवला. ‘सदर’पासून ‘नाही’पर्यंत. “आता याला हरकत घ्यावी लागेल. नकाशा करणारे कोण?”

“मी.”

“हरकत घेणारे?”

“मीच.”

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. कारण लाल रेघ माझ्या घरातून हलली तर ती जाणार कुठे, हे सगळ्यांच्या डोक्यात एकदमच आलं. दुसरी फट एकच, टोकाला, गोठ्यापाशी, आणि तिथे तर मीच ठळक आकृती काढून ठेवलेली. मी मागे वळलो. ज्यांनी मला पोहे घातले ती सदतीस घरांची माणसं पंख्याकडे बघत होती. पंढरी चपलेच्या अंगठ्याशी खेळत होते. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली आणि रडूही आलं. त्या घराच्या भिंती चढल्या तेव्हा नळ नव्हता. भोईरांच्या विहिरीवरून घागरी आणून रंभाने महिनाभर सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावर पाणी मारलेलं. आणि मी ते घर माउसच्या एका टिचकीत घालवलेलं.

तेवढ्यात सखुआजी उठल्या. पंच्याऐंशी वर्षांच्या, काठीवर. पंढरीने त्यांचा पदर ओढला. “आय, बस.”

“कनाला बसू?” त्या म्हणाल्या आणि मॅडमकडे वळल्या. “पोरी, पानी आदीपासून गोठ्याचे अंगानं जायाचा. मी लगीन होवून आली तवा तिथं नाला व्हता. याचे बापानं बुजवला. गोठा सरकवा दोन हात. म्हशी काय बोलनार नाय.”

मॅडमनी पंढरीकडे बघितलं. पंढरीने आईकडे बघितलं आणि मान डोलावली.

“ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या, “पण अठरा नंबरला घर आहे, हे नकाशाच्या विरुद्ध जातंय. दोन शेजाऱ्यांचा जबाब लागेल.”

“मी देते. लिव.” सखुआजींनी काठी टेबलाला टेकवली. “या मानसाचा घर हाय तिथं. मना ठाव हाय. मी त्याचे घरान बसून चाय पिलेली हाय.”

कारकुनाने लिहून घेतलं. सखुआजींनी अंगठा केला, खाली पंढरीने सही केली. रंभाने आणि मी एकमेकांकडे बघितलं नाही.

खरी गोष्ट अशी, की सखुआजींनी आमच्याकडे चहा कधीच घेतलेला नव्हता. येत असत, अगदी उंबऱ्यापर्यंत. प्रीतीच्या लग्नात नारळ-खण घेऊन आल्या, पुरात डाळ-भाताचं पातेलं पाठवलं, रंभा आजारी होती तेव्हा रोज दारातून विचारून गेल्या. पण चहा म्हटलं की, “आताच झाला, बाय.” बावीस वर्षं त्यांचा चहा आताच झालेला असायचा. तो का झालेला असायचा हे त्यांना माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं, आणि या विषयावर बोलायचं नाही हेही दोन्हीकडे ठरून गेलेलं.

परत येताना त्या आमच्याच रिक्षात बसल्या. पंढरी पुढे निघून गेलेले. कॉलनीत शिरल्यावर रिक्षा त्यांच्या घराकडे वळायला लागली, तशी त्यांनी काठीने रिक्षावाल्याच्या सीटवर टकटक केलं. आमच्या दारात उतरल्या, उंबऱ्याशी क्षणभर थांबल्या, हाताने चौकट धरली आणि आत येऊन माझ्या खुर्चीत बसल्या.

“खोटा लिवून आली मी सरकारन,” त्या रंभाला म्हणाल्या. “आता चाय दे बाय, म्हंजे खरा होईल.”

रंभा ओट्याकडे वळली. मग तिने आधण ठेवलं. पाहुण्यांचे कप वरच्या फळीवर होते, ते तिने काढले नाहीत, रोजच्याच कपात चहा आणला. सखुआजींनी तो बशीत ओतला, फुंकर घालून एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“साखर कमी हाय.”

लग्नाला पस्तीस वर्षं झाली. रंभाच्या चहाला नाव ठेवायची माझी एकदाच हिंमत झालेली, आणि पुढे आठवडाभर मी स्टेशनावर चहा प्यायलो. मी बघत राहिलो. रंभा आत गेली आणि साखरेचा डबा घेऊन आली.